दिवाल्याबाबाचा वाकडा हात

दिवाल्याबाबा ख्रिस्ती झाला, तशी त्याची दारू सुटली, कोंबड्याचे नवस सुटले, भगताचा उंबराही सुटला. एक सवय तेवढी सुटता सुटेना. काहीही प्यायला घेतलं की त्याचा हात आधी वाकडा व्हायचा आणि दोन थेंब जमिनीला जायचे, घरातल्या मेलेल्यांसाठी. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या भिल्लवस्तीत त्याचा बाप असाच प्यायचा, आजाही असाच. मोहाच्या दारूपुरतं ते ठीक होतं. बाबा पाण्याचेही थेंब टाकायचा, आणि मिशनच्या पाळकाच्या घरी पहिल्यांदा चहा मिळाला तेव्हा तो त्यानं त्यांच्या नव्या सतरंजीवर टाकला.

चहाचं हसण्यावारी गेलं. पण मागच्या महिन्यात भर प्रभुभोजनात, येशूच्या आठवणीचा रस वाटत असताना, बाबानं निम्मा पेला जमिनीवर ओतला आणि मिशनच्या प्रार्थनाघरात सगळ्यांच्या माना वळल्या. पाळक जालमसिंग भला माणूस. त्यानं बाबाला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, लोक म्हनतीन, हाई मंडळी परत भगतकडे गयी. पुन्हा सांडनं तर पेला भेटाव नही."

 उभ्या जन्मात बाबाला कुणी पंगतीत मानानं बसवून वाढलं नव्हतं. इथे प्रत्यक्ष देव वाढत होता, आणि बाबा महिनाभर त्या बोटभर पेल्याची वाट पाहायचा.

म्हणून शनिवारी त्याच्या सुनेनं, फुलीबाईनं, ओट्यावर तालीमच मांडली. नातवंडं मंडळीसारखी ओळीत बसवली, वाटीत पाणी घातलं. "घ्या बाबा, आन सरळ तोंडले लावा." बाबानं वाटी घेतली, डोळे मिटले, आणि हात वाकडा! नातवंडं खिदळली. पुढच्या खेपेला फुलीबाईनं त्याचं मनगट धरून ठेवलं, तर बाबानं दुसऱ्या हाताची बोटं वाटीत बुडवून पाणी शिंपडलं. ताक देऊन पाहिलं, तरी तेच. ओट्यावर चिखल झाला आणि कोंबड्या येऊन तो उकरू लागल्या.

"कोनसाठे एवढं सांडी ऱ्हायनात बाबा?" फुलीबाई वैतागून म्हणाली.

"तुन्ही सासूसाठे," बाबा म्हणाला. मग ती वाट्या उचलून आत गेली.

बाबाची बायको कालीबाई गेली ती गावात मिशनचा तंबू पडायच्या आदल्याच पावसाळ्यात. बाप आणि आजा यांची बाबाला फारशी काळजी नव्हती. दोघेही पोटभर पिऊन गेले होते. पण काली त्याच्याबरोबर जन्मभर राबली आणि नेमकी पंगत बसायच्या वेळेला उठून गेली. रविवारी सकाळी प्रार्थनाघराच्या वाटेनं बाबा हाच विचार करत चालला होता. येशूनं थडग्यातल्या माणसाला नावानं हाक मारून बाहेर आणलं, हे त्यानं जालमसिंगच्याच तोंडून ऐकलं होतं. मेलेल्याचं नाव ज्याच्या इतकं ध्यानात राहतं, तो कालीला कसा विसरेल? आणि विसरला नसेल, तर तिला दोन थेंब द्यायला मनाई का? इथे येऊन बाबाचं ख्रिस्तीपण दर वेळी अडायचं.

प्रार्थनाघरात पुरुष एका अंगाला, बाया दुसऱ्या अंगाला. जालमसिंग पेल्यांचं तबक घेऊन पुरुषांकडे आला. पेल्यांत मनुका उकळून काढलेला रस होता. बाबानं पेला उचलला आणि सगळी मंडळी माना लांबवून पाहू लागली. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट गच्च धरलं, अवखळ गोऱ्ह्याचं दावं धरावं तसं, आणि एका दमात पेला रिकामा केला. जालमसिंगचा चेहरा फुलला. मागून कुणीतरी वेळ नसताना "हालेलुया" म्हणून गेलं.

बाबाला मात्र रस गोड लागला नाही. बायकोला दाराबाहेर उभं करून आपण एकट्यानं जेवलो, असं त्याला झालं. त्याला रडू आवरेना. पागोट्याच्या टोकानं तो डोळे पुसत राहिला.

तबक बायांकडे गेलं. फुलीबाईनं पेला घेतला, एकदा सासऱ्याकडे पाहिलं. तिला या घरात पसंत करून आणली होती ती कालीबाईनंच, आणि पहिल्या बाळंतपणात रात्रभर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती तीही कालीबाईच. फुलीबाईचा हात जरासा कलला. तिनंच काल सारवलेल्या जमिनीवर एक थेंब पडला.

जालमसिंग तबकासकट जागीच थांबला. त्याची स्वतःची आईसुद्धा डोंगरातच वारली होती, बाप्तिस्म्यावाचून. तो मान वर करून कौलं पाहू लागला, जणू आत्ताच कुठलं तरी गळायला लागलं होतं.

 दिवाल्याबाबा पलीकडून पुढे वाकला. त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्याची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकली.

"फुली, आनखी थोडं सांड! तिले येवढामा काय व्हई?"