घामेजलेल्या पिशव्या

ट्रॅक्टरची शेड वहिनीनं दिराकडून एका हंगामापुरती मागून घेतली, तेव्हाच त्यानं बजावलं होतं, "पहिला माल परत आला, की ट्रॅक्टर पुन्हा आत."

"आणि नाही आला तर?"

"तर ट्रॅक्टर उन्हात. वर जन्मभर तुमचं ऐकेन, वहिनी."

"ते तसंही ऐकावंच लागतं," त्याची बायको, वहिनीची धाकटी जाऊ, चुलीपासून म्हणाली.

दोघी जावा कामाला लागल्या. भाव पडून मातीमोल झालेला कांदा सोलायचा, चकत्या करायच्या, शेडच्या पत्र्यावर जाळीच्या ताटांत वाळवायच्या. डोळ्यांना धार अशी, की घरात खरंच कुणी रडलं तरी कळू नये. वहिनीची पारख कानाची. चकती कानापाशी धरून मोडायची. कट्‌ वाजली तर वाळली, नुसती वाकली तर परत उन्हात. गाव तिला 'कानवाली' म्हणू लागलं. ती म्हणे, "म्हणू दे. तोंडवालीपेक्षा बरं!"

शहरातल्या एका खानावळवाल्यानं दोनशे पिशव्या सांगितल्या, शनिवारी न्यायला येतो म्हणाला. चाळीस वहिनीनं स्वतः भरल्या आणि शुक्रवारी ती लेबलं आणायला बाजारगावी गेली. मागं जावेनं उरलेल्या चकत्या भर उन्हातून उतरवल्या नि गरमागरमच पिशव्यांत कोंबून तोंडं बंद केली. सासूची शिकवणच तशी होती: उन्हातला दाणा गरम असतानाच डब्यात कोंडावा, वारा लागू देऊ नये. दाण्याला ते चाले.

शनिवारी सकाळी वहिनीनं एक पिशवी उचलली. आतून थेंबच थेंब. चकती काढून कानापाशी मोडली. वाकली.

जावेचा चेहरा उतरला. "शेड गेली माझ्यापायी."

"अजून जागेवर आहे. कात्री आण."

"पुसून द्या की," दीर म्हणाला. "त्याला काय कळतंय?"

"आज नाही कळणार, भाऊजी. आठवड्यानं बुरशी सांगेल."

एकशेसाठ पिशव्या फुटल्या, चकत्या परत पत्र्यावर गेल्या. खानावळवाला आला तेव्हा वहिनीनं दोन चकत्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. "कानापाशी धरून मोडा."

एक वाजली, एक वाकली.

"वाजणाऱ्या चाळीस आज न्या. बाकीच्या सोमवारी."

"मी दोनशे सांगितल्या होत्या, बाई."

"वाकणाऱ्या आत्ता भरून देते. पण तुमच्या रश्शात बुरशी तरंगली, तर माझं नाव घेऊ नका."

त्यानं वाजणारी आणखी एक मोडून पाहिली. "सोमवारी टेम्पो पाठवतो, दहाच्या आत भरून द्या. उशीर झाला तर या चाळीसही परत आणून टाकीन."

रविवारी दोघी पत्र्यावरून जेवायलाही खाली उतरल्या नाहीत. ऊन कलल्यावर चकत्या उतरवल्या, सावलीत पार निवू दिल्या, मग भरल्या. प्रत्येक पिशवीतली एक चकती जावेनं स्वतःच्या कानापाशी मोडली. शंभराव्या पिशवीला म्हणाली, "ताई, कान दुखायला लागला."

"दुसरा आहे ना?"

सोमवारी साडेनऊला टेम्पो एकशेसाठ पिशव्या घेऊन गेला. दीर बाहेर उभ्या ट्रॅक्टरवर ताडपत्री ओढू लागला. वारा एक टोक सारखं उडवत होता.

"वहिनी, जरा धरा की."

"धरते. पण आधी तुम्ही पत्र्यावरची ती रिकामी ताटं खाली आणा. नवा कांदा सोलायचाय."

तो शिडीकडे वळला.