आईंच्या अंबाड्यातली फुलं

चीनला जायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. सुट्टी मिळाली की पुणे आणि पुण्याहून आलं की आजारपण, एवढंच आमचं पर्यटन. पण माझ्या सासूबाईंनी आणि समोरच्या आंटींनी परस्पर ठरवून टाकलं, आणि त्या दोघींनी एकदा ठरवलं की सिंगापूरातल्या आमच्या सेंगकांगच्या ब्लॉकमध्ये कुणाचं काही चालत नाही.

सासूबाईंना मी आईच म्हणते. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी इथल्याच, चिनी, सत्तरी ओलांडलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दोघी रोज सकाळी खाली व्हॉइड डेकच्या, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या, बाकावर बसतात. आईंचं इंग्रजी मोडकं, आंटींचं त्यांच्या तऱ्हेनं ठणठणीत, आणि सुनांबद्दल बोलताना दोघींचं कधीच अडलेलं मी पाहिलं नाही. आंटींची आई लहानपणी चीनमधल्या फुजियानच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून बोटीनं सिंगापूरला आलेली. ते गाव आंटींना एकदा बघायचं होतं. त्यांची मुलं दर वर्षी 'नेक्स्ट इयर' म्हणत होती. तर आई म्हणाल्या, "आमची ही येईल की बरोबर!" ही म्हणजे मी. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आम्ही तिघी त्या गावात टॅक्सीतून उतरलो तर ओहोटी लागलेली. चिखलाचा, माशांचा वास. मी नाकाला रुमाल लावला आणि आईंनी छाती भरून श्वास घेतला. त्यांचं माहेर मालवणकडचं. पहिल्याच गल्लीत त्यांनी एका घराच्या भिंतीला हात लावला आणि ओरडल्याच, "अगं, ही तर कालवं!"

खरंच, जुन्या घरांच्या भिंतींवर कालवांचे हे एवढाले शिंपले एकावर एक तिरके बसवलेले. शेकडो वर्षं ऊन, वारा, वादळं खाऊन उभी आहेत ती घरं. "आमच्याकडे खातात नि उकिरड्यावर फेकतात," आई म्हणाल्या, आणि माहेरच्या माणसांच्या आळशीपणावर पुढची पूर्ण गल्ली बोलत राहिल्या.

पण त्या गावाची खरी ख्याती आहे ती बायकांच्या केसांसाठी. मागे घट्ट अंबाडा, त्यात आडवी काडी खोचलेली आणि भोवती फुलांची गोल गोल कडी. भाड्याच्या कपड्यांत फोटो काढणाऱ्या पर्यटक मुलींच्या डोक्यांवर कागदी फुलं होती. म्हाताऱ्या मात्र खरी फुलं माळून बाजारात कालवं फोडत बसलेल्या. आंटींना तशीच हवी होती. दारात कळ्या ओवत बसलेल्या एका आजींशी त्या आपल्या होक्कियन बोलीत बोलू लागल्या आणि पाच मिनिटांत त्यांच्यापुढच्या स्टुलावर जाऊन बसल्या. फुलं माळून झाल्यावर आरशात बघून त्या ढसाढसा रडल्या, मग लगेच हसल्या. "सेम लाइक माय मदर, लाह!"

मग आजींनी आईंना खूण केली.

मी आईंकडे बघितलं. सासरे गेल्यावर आमच्या घरात कुणी आईंना काही बंद करायला सांगितलं नाही. आई टिकली लावतात, रंगीत साड्या नेसतात. पण पुण्याच्या आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. तेव्हापासून त्यांच्या केसांत फूल कुणी पाहिलेलं नाही. आई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना पुरणाच्या पोळीपासून सगळं आत्याबाईंनी शिकवलं. त्यामुळे इथल्या टेक्काच्या भारतीय बाजारातून आई मोगऱ्याचा गजरा आणतात तो देवासाठी. त्यातली एक कळीही स्वतःला घेत नाहीत. मी कधी विषय काढला नव्हता.

आईंनी आंटींना हळूच विचारलं, "आस्क हर. हर हजबंड?"

आंटींनी विचारलं. आजींनी हातातल्या सुईवरची नजरही न काढता उत्तर दिलं. "सी टेक," आंटी म्हणाल्या. "लाँग, लाँग टाइम." नवऱ्याला समुद्रानं नेलेलं, आणि आजींच्या डोक्यावर त्या सकाळच्या ताज्या कळ्या होत्या.

आईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि स्टुलावर बसल्या. "माझ्या पिना काढ गं," म्हणाल्या. मी एकेक पीन काढत गेले. त्यांचे केस इतके विरळ झालेत हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या क्षणी त्या मला इतक्या आवडल्या की मागे उभं राहूनच मी डोळे पुसून घेतले.

त्या फार सुंदर दिसत होत्या. मी फोटो काढला. तो त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "घरच्या ग्रुपवर टाक."

"आई, आत्याबाई आहेत ग्रुपवर."

"माहीत आहे मला. लपवून काय करू?"

टाकला. भाचरांची बदामं आली, जावांचे अंगठे आले. आत्याबाईंनी फोटो पाहिल्याचं दिसत होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. जेवताना आई फोन पुढ्यात उताणा ठेवून बसल्या. "रागावल्या तर रागावू देत," मी फणकाऱ्यानं म्हणाले.

"रागाचं नाही गं. त्यांनी एवढी वर्षं काढली तशीच. आणि मी आपली फुलं माळून फोटो पाठवला. त्यांना लागलं असेल." आंटींना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आईंच्या ताटलीत आणखी भाजी वाढली.

सिंगापूरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी आत्याबाईंचा फोन आला. आईंनी तो स्पीकरवर टाकला आणि माझा हात धरून ठेवला. आत्याबाईंनी तब्येत विचारली, तिकडे खायचे हाल झाले का विचारलं. मला वाटलं, आता ठेवतील.

"अगं," त्या म्हणाल्या, "ती फुलं डोक्याला जड होतात का?"

"नाही हो वन्सं. कळतसुद्धा नाहीत."

"हो का," आत्याबाई म्हणाल्या. "मला आता आठवतच नाही बघ."