संत्र्याच्या बागेत उतरलेली शाळा

कुठलीही इमारत जमिनीला कायमची चिकटलेली असते, हे माझ्या साडूंना मान्यच नाही. तुमच्या-माझ्या दृष्टीनं घर म्हणजे घर. त्यांच्या दृष्टीनं ते जरा अवजड सामान असतं. नीट सोडवलं, दोरानं बांधलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रचलं, की कुठेही नेता येतं. चांदूर बाजारजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे. बागेच्या एका कडेची झाडं वाळली तेव्हा त्यांनी तिथे नवी कलमं लावली नाहीत. तिथे त्यांनी घरं लावायला घेतली. बागेतले मजूर त्या जागेला ‘मुजिअम’ म्हणतात. साडूंच्या पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्ही त्यांना ताई म्हणतो, त्या मात्र ‘यायचा पसारा’, म्हणजे यांचा पसारा, एवढंच म्हणतात.

ही लागण त्यांना माझ्यामार्फत झाली, हे सांगून टाकतो. अकोल्याच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. एका दिवाळीत साडू आमच्याकडे आले होते आणि दुपारी करायला काही नव्हतं, म्हणून एका मासिकातला लेख मी त्यांना वाचून दाखवला. नॉर्वेच्या राजानं राजवाड्याजवळ काही जुनी लाकडी घरं आणून उभी केली. पुढे स्वीडनमधल्या एका विद्वानानं, खेड्यांतली घरं नाहीशी होताहेत हे पाहून, राजधानीतल्या टेकडीवर अख्खी वस्तीच आणून मांडली. मग डेन्मार्क, हॉलंड, अमेरिका असं हे पसरत गेलं. आपल्याकडे दक्षिणेतही काहींनी जुनी घरं उचलून नेली. साडूंचा चिवड्याचा घास हातातच राहिला. ‘‘सबन घर?’’ त्यांनी विचारलं. ‘‘सबंध घर, दादा. वासा न् वासा सोडवून.’’ ‘‘अन् लोकं आत जाऊन बसतेत?’’ ‘‘बसतात. जुन्या चुलीवर काहीबाही भाजूनही खातात.’’ ते बराच वेळ आमच्या छताकडे पाहत राहिले. आमच्या छताला स्लॅब आहे, म्हणून ते वाचलं. अशा रीतीनं ही साथ युरोप-अमेरिका करून थेट चांदूर बाजार तालुक्यात पोचली.

तेव्हापासून ते कुणाच्या घरी गेले, की यजमानांच्या तोंडाकडे पाहत नाहीत, आढ्याकडे पाहतात. खांबाला टिचक्या मारतात आणि कान लावून ऐकतात. पुतणीसाठी स्थळ बघायला आम्ही मंडळी गेलो होतो. मुलगा चांगला, शेती ओलिताची, चहा-पोहे झाले, आता बोलणी सुरू होणार, तेवढ्यात आमचे साडू मुलाच्या वडिलांना म्हणाले, ‘‘घर मस्त हाये तुमचं. पाडसान तवा मले पयले सांगजा.’’ मुलाचे वडील पांढरे पडले. घर पाडायची वेळ येणार अशी काही बातमी बाहेर फुटली आहे की काय, हे विचारायला त्यांचा भाऊ मला अंगणात घेऊन गेला. लग्न शेवटी झालं; पण साडूंना लग्नात मांडवाबाहेरच, जेवणाच्या पंगतीकडे बसवलं होतं.

बडनेऱ्याकडच्या एका बंद झालेल्या रेल्वे फाटकावरची गेटमनची खोली भंगारात निघाली, ती त्यांनी विटा सुट्या करून आणली. खोलीसमोर रूळ नाहीत, पण सकाळी फेरी मारताना तिथे ते हमखास थांबून दोन्हीकडे बघतात. मेळघाटात सेमाडोहच्या पुढे एका कोरकू गृहस्थाचं कुडाचं घर त्यांना आवडलं. ते गृहस्थ हसत सुटले. ‘‘पुराना उठाके क्यूं ले जाते, दादा? हम आके नया बना देते.’’ आणि खरोखरच ते कुटुंबासह आले, चार दिवस बागेत राहिले, पोटभर संत्री खाल्ली, आणि बांबूचं सुंदर घर विणून दिलं. तेव्हापासून साडूंना एक काळजी लागली आहे. ‘‘साडभाऊ, याले जुनं म्हनाव का नवं?’’ असं ते मला फोनवर विचारतात.

इथवर मी हसत होतो. पण दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात ती जिथे आयुष्यभर शिकवत होती ती शाळा रस्त्याच्या रुंदीकरणात जाणार असं कळलं. शाळा म्हणजे अकोल्याजवळच्या खेड्यातली एकच खोली: मातीच्या भिंती, सागवानी वासे, वर कवेलू, म्हणजे कौलं. मुलं कधीच नव्या इमारतीत गेली होती. खोली रिकामी होती. मी कुणालाच काही बोललो नव्हतो. तरी एके दिवशी साडूंचा फोन आला, ‘‘मी शाळा घेऊन जाऊन राहिलो. गावानं हो म्हटलं.’’ त्यांनी प्रत्येक वाशावर, प्रत्येक फळीवर गेरूनं आकडे घातले. भिंतींची मातीसुद्धा ट्रॉलीत भरून नेली. तीच माती पुन्हा भिजवून भिंती उभ्या करायच्या होत्या. ट्रॉली वळणावर दिसेनाशी झाली आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. तिची म्हणून जगात उरलेली जागा आता एका ढिगाच्या रूपात होती, आणि तो ढीग माझ्या साडूंच्या ताब्यात होता.

त्यांचा फोन आला की तो उचलायलाही मी कचरायचो. ‘‘साडभाऊ, एक गोठ झाली,’’ अशी सुरुवात असायची. कधी माती जास्त भिजली, कधी कवेलूंवरून बैल गेला. भाद्रपदाच्या शेवटी मात्र फोन ताईंचा आला. ‘‘तुमी या,’’ एवढंच म्हणून त्यांनी तो ठेवला. मी मिळेल त्या गाडीनं बडनेऱ्याला उतरलो आणि एसटीनं बागेत पोचलो. गोदामात सगळी लाकडं रचलेली होती, आरशासारखी चकचकीत. घटस्थापना जवळ आली म्हणून ताईंनी नेहमीप्रमाणे घर, कोठार, गोठा सगळं झाडून-धुऊन काढलं होतं आणि त्या झपाट्यात शाळेची लाकडंही घासून, जवसाचं तेल लावून पुसून ठेवली होती. गेरूचा एक आकडाही शिल्लक नव्हता. साडू ओसरीवर डोक्याला हात लावून बसले होते.

‘‘मले काहून कोनी सांगितलं नाई?’’ ताई दारातूनच म्हणाल्या. ‘‘घट बसाचे होते. गेरूनं बरबटलेली लाकडं तशीच ठेवू का घरात? अन् ते का परक्याचं लाकूड हाये? माह्या बहिनीच्या शाळेचं व्हय. बायांच्या हाती नाई देल्लं. मी सोता पुसलं.’’

साडू उठले आणि गोदामाकडे चालू लागले.

मग सुरू झालं ते जुळवणं. जुन्या सुतारकामात प्रत्येक खाचेत तिचीच कूस, म्हणजे लाकडाचं तासलेलं टोक, बसते, दुसरी बसत नाही, हा एकच आधार. हा वासा त्या खांबाला लावून बघ, नाही बसला, काढ, दुसरा लाव. मी दर आठवड्याला जाऊ लागलो. बाहेरून शाळा कशी दिसायची एवढं मला पाठ होतं, कारण शाळा सुटायच्या वेळी मी स्कूटर घेऊन तिथे उभा असायचो. ती हाताचा खडू झटकत बाहेर यायची. आत जायची वेळ मात्र कधी आली नाही. पहिल्या खेपेला दार बाहेरच्या बाजूला उघडायला लागलं, दुसऱ्या खेपेला खिडकी इतकी वर गेली की उंटानंच डोकावावं. मी सांगायचो, साडू म्हणायचे, ‘‘मंग उतरवा रे,’’ आणि सगळं पुन्हा जमिनीवर यायचं. रात्री घरी परतताना मला धास्ती असायची, की हे कधी उभं राहणारच नाही.

गेल्या आठवड्यात ते उभं राहिलं. भिंती वाळल्या होत्या, कवेलू चढले होते, शेवटची, दाराची चौकट सकाळी बसली होती. दुसऱ्या दिवसापासून संत्र्यांचा तोडा होता, त्याआधी काम उरकावं म्हणून माणसं घाईत होती. साडू धोतराला हात पुसत म्हणाले, ‘‘जा, साडभाऊ. पयले तुमी.’’

मी उंबऱ्यापर्यंत गेलो. आत सावली होती आणि मातीचा वास. महिनोन्‌महिने ज्याची काळजी केली ते समोर होतं, आणि आत गेलो की एक रिकामी खोली दिसणार होती, बस. त्यापुढे काळजी करायलाही काही उरणार नव्हतं. मी मागे सरलो आणि म्हणालो, ‘‘दादा, चौकट जरा डावीकडे कलली आहे का?’’

साडूंनी खिशातून ओळंबा काढला आणि चौकटीजवळ सोडला. दोरी हलायची थांबली. ती चौकटीला अगदी समांतर होती. त्यांनाही दिसत होतं, मलाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोरी सावकाश बोटांना गुंडाळली आणि मागे वळून हाक दिली, ‘‘उतरवा रे चौकट. कलली हाये.’’

‘‘दादा, उद्यापासून तोडा लागते,’’ एक जण कुरकुरला.

‘‘मंग तोड्यानंतर लावू. पळून जाऊन राहिली का शाळा?’’

चौघांनी मिळून चौकट अलगद काढली आणि गवतावर आडवी ठेवली. ताईंनी चहा आणला, तो आम्ही तिघांनी बाहेरच, उभ्या उभ्या घेतला.