सहाव्या लेनची रेघ

"मावशी, आलाच आहात तर जरा फक्की मारून घ्या."

असं म्हणून नांदेडच्या कॉलेजच्या सरांनी पांढऱ्या पावडरीची बादली माझ्याकडे सरकवली. पायानं. बादलीतली फक्की उडाली आणि माझ्या ठेवणीतल्या साडीवर बसली.

अर्ध्या मिनिटापूर्वीच मी त्यांना सांगितलं होतं, "सर, मी रेणुकाची कोच. अहमदपूरहून आलाव. मेसेज केला होता."

"कोच?" ते हसले. शेजारी उभे असलेले दोघं-तिघंही हसले. "शाळेत काय करता?"

"शिपाई हाय."

"म्हणजे सकाळी झाडू आणि संध्याकाळी कोचिंग. वा! लातूर पॅटर्नच्याही पुढचा पॅटर्न निघाला हा."

मग ती बादली.

मी बादली उचलली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला माझ्याबद्दल भलता आदर वाटायला नको. मी बादली उचलली आणि "हो सर" म्हटलं. मनात म्हटलं, आपण यांचं काम केलं तर हे आपल्या पोरीकडे नीट बघतील. असा हिशोब आमच्या रक्तात मुरलेला असतो.

अहमदपूरच्या एका शाळेत मी शिपाई आहे. नवरा तिथंच शिपाई होता. तो गेला आणि त्याच्या जागेवर मला घेतलं. स्टाफरूममध्ये म्हणतात, "मावशींचं बरंय, सवलतीत मिळालं." नवरा गेला ते कुणी धरत नाही. आणि शाळेत मावशी म्हणजे शिपाई बाई, त्यात नात्यागोत्याचा काही संबंध नाही.

मैदान आखायला मी पीटीच्या सरांकडून शिकले. शिकले म्हणजे टेपचं एक टोक धरून उभी राहिले, नऊ वर्षं. सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, आणि टेपची दोन्ही टोकं माझ्याकडे आली. तोवर मला गोल मैदानाचं गणित तोंडपाठ झालं होतं.

ते गणित सोपं आहे. गोल मैदानावर बाहेरची लेन आतल्या लेनपेक्षा लांब असते. म्हणून चारशे मीटरच्या शर्यतीत बाहेरच्या लेनवाल्याला पुढं उभं करतात. दुसऱ्या लेनला सात मीटर पुढं, मग दर लेनला साडेसात आणि वर थोडं. सहाव्या लेनला जवळजवळ अडतीस मीटर. पाहणाऱ्याला वाटतं, याला फुकट पुढं काढलं. तसं नसतं. सगळ्यांना चारशेच मीटर पळावं लागावं, एवढंच त्यात असतं. त्याला स्टॅगर म्हणतात.

रेणुका आमच्याच वस्तीतली. बाप लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवतो. नववीत असताना एकदा ती डबा विसरली. मधल्या सुट्टीत घरी पळत गेली, जेवली आणि मी घंटा द्यायला हात उचलायच्या आत गेटात परत. घर दीड किलोमीटरवर. धापसुद्धा नव्हती. त्या दिवसापासून मी तिला सोडलं नाही.

बारावीत आली तोवर ती शाळेच्या मैदानावर दोन फेऱ्या, म्हणजे चारशे मीटर, बासष्ट सेकंदांत मारायची. पण पुढं काय? भोकरची आत्या आपल्या पोरासाठी तिला मागत होती. बापानं मला स्पष्ट सांगितलं, "आक्का, कालेजनं होस्टेलला जागा दिली तर शिकू दे. न्हाई तर उन्हाळ्यात उरकून टाकतो." सगळं येऊन थांबलं होतं होस्टेलच्या एका खाटेवर.

जुन्या पीटी सरांकडून मी नांदेड, लातूर आणि उदगीरच्या तीन कॉलेजांच्या स्पोर्टच्या सरांचे नंबर घेतले. पण कोचला मेसेज कसा लिहायचा? मला रजेचा अर्ज तेवढा येतो. मग तसाच लिहिला. 'महोदय, वरील विषयास अनुसरून...' रेणुका म्हणाली, "आक्का, वर विषय कुठाय?" मग वर विषय टाकला, 'चारशे मीटर पळण्याबाबत.' खाली बासष्ट सेकंद. त्याच्या खाली 'आपली आज्ञाधारक' आणि नाव, नुसतं रेणुका. आडनाव मीच लिहू दिलं नाही. का, ते आमच्या वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

उदगीरच्या सरांनी बघितलंच नाही. लातूरच्या सरांनी लिहिलं, 'पुढच्या महिन्यात बघू.' नांदेडहून आलं, 'रविवारी सकाळी ८ ला ट्रायल. मैदानावर या.' त्या दिवशी आनंदानं मी शाळेची घंटा दोन मिनिटं आधीच दिली.

तर, नांदेड. ट्रायलला सहा मुली होत्या. सर एकेकीला जवळ बोलावत होते. नाव विचारायचे, मग आडनाव, मग वडील काय करतात. आणि मग लेन सांगायचे. पहिली लेन संस्थेतल्याच एका बड्या माणसाच्या पुतणीला. नवेकोरे स्पाइकचे बूट, वडील गाडीला टेकून उभे. देगलूरकडची एक काळीसावळी पोर पाचव्या लेनमध्ये. रेणुकानं आडनाव सांगितलं, ताशाचं सांगितलं. सर म्हणाले, "सहा."

मी लेनच्या रेघा उजळल्या आणि टेप काढला. सर लांबून ओरडले, "टेप कशाला? सुरुवातीला एकच सरळ रेघ ओढा. सगळ्या एका रेघेवर."

मी म्हटलं, "सर, चारशेला स्टॅगर लागतंय ना? सहाव्या लेनला अडतीस मीटर..."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या गाडीला टेकलेल्या वडिलांकडे बघितलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, इथंही यांना पुढं उभं राहायचंय! मावशी, मैदानावर सवलत नसते. सगळ्यांना एकच रेघ. याला समानता म्हणतात."

हशा पिकला. गाडीवाले वडील तर टाळी द्यायला पुढं झाले.

मला उत्तर येत होतं. पक्कं येत होतं. स्टॅगर म्हणजे सवलत नाही, माप आहे. एवढं एक वाक्य. ते घशापर्यंत आलं आणि मी ते गिळलं. वाकले. फक्की मुठीत घेतली आणि पहिल्या लेनपासून सहाव्या लेनपर्यंत एक सरळ रेघ ओढली. चांगली ओढली. इतकी सरळ की सर म्हणाले, "हात छान आहे."

ती रेघ माझ्या हातची आहे. हे मला मरेपर्यंत पुरणार.

रेणुका रेघेवर आली. तिला स्टॅगर माहीत होतं, मीच शिकवलं होतं. तिनं डावीकडे पाचही पोरींकडे बघितलं, खाली रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आक्का, इथनंच?"

"गप पळ," मी म्हटलं.

गप. हा शब्द माझ्या आईचा. आठवीत तालुक्याला मी शर्यतीत पहिली आले होते आणि बक्षिसाला नाव पुकारलं दुसरीचं. मी रडायला लागले तर आई म्हणाली, "गप ये." मी गप गेले. तेव्हापासून आजवर गपच. आणि आता तोच शब्द मी त्या पोरीच्या पदरात टाकला.

शिट्टी झाली. तीनशे मीटरपर्यंत ती वाऱ्यासारखी होती. शेवटच्या वळणावरून बाहेर आली तेव्हा पाय बोलायला लागले. पहिल्या लेनची पोर सहासष्ट सेकंदांत पोचली. रेणुका चौथी. एकोणसत्तर. रेघ ओलांडून ती गुडघ्यांवर बसली आणि ओकली. मी पाणी घेऊन गेले तर तिनं बाटली हातानं बाजूला सारली.

"तुम्हाला म्हाईत होतं," ती म्हणाली. "रेघ तर तुम्हीच मारली."

सरांनी वहीत एकोणसत्तर लिहिलं. मग मोबाइल काढून आमचा मेसेज शोधला आणि सगळ्यांना वाचून दाखवला, विषयासकट. "बासष्ट सेकंद! मावशी, घड्याळ कुठलं होतं? भिंतीवरचं?" पुन्हा हशा. "आणि खाली काय, तर आपली आज्ञाधारक! आज्ञाधारक आहात, पण थापाड्यापण आहात."

मी उभी होते. हातावर फक्की वाळली होती.

आणि मग, माझ्या अंगावरचा तो हशा विरायच्या आत, सर म्हणाले, "चला, आता मुलांची चारशे. मावशी, टेप आहे ना? व्यवस्थित स्टॅगर काढून द्या. विद्यापीठाची टीम यातून निवडायची आहे, माप इकडं तिकडं चालणार नाही."

एक क्षण मला कळलंच नाही. मग कळलं. तोवर कुठंतरी वाटत होतं, सरांना येत नसेल. माणूस चुकतो. पण त्यांना सगळं येत होतं. समानता फक्त सहाव्या लेनसाठी होती.

मी बादली खाली ठेवली.

"पोरींना माप का दिलं न्हाई?"

"काय?"

"सहावी लेन मोजा सर. ही पोरगी अडतीस मीटर जास्ती पळाली. पुन्हा पळवा."

सरांच्या तोंडावरचं हसू गेलं. तोंडातलं 'तुम्ही'ही गेलं. "तुला कोण विचारून राहिलं गं? रेघ कुणी मारली? तूच मारलीस ना?"

त्यांना वाटलं, इथं मी संपले. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

"हाव," मी म्हटलं. "मीच मारली. म्हणून सांगून राहिले, ती रेघ खोटी हाय. तुम्ही सांगितली आन मी मारली. दोघंबी खोटे."

मी टेप उलगडला. दुसरं टोक कुणी धरायचं? रेणुका जागची हलली नाही. तिचं बरोबरच होतं. ती देगलूरकडची पोर उठली, आली आणि टोक धरून रेघेवर बसली. मी सहाव्या लेनमधून टेप लावत, वळणावर वळत पुढं गेले. अडतीस मीटरला थोडं कमी. तिथं बादली उपडी केली. सगळी फक्की ओतली. पांढरा ढीग झाला.

"हिची जागा ही होती," मी ओरडले. "ही सवलत न्हाई. हे माप हाय."

उपड्या बादलीपासून खोट्या रेघेपर्यंतचं अंतर तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. गाडीवाले वडील फोनमध्ये बघू लागले. सर वॉचमनला म्हणाले, "यांना गेटबाहेर काढा." वॉचमननं काढलं. निवड झाली नाही. शर्यत पुन्हा झाली नाही. कुणी आमच्या बाजूनं बोललं नाही. असल्या गोष्टींत शेवटी एखादा भला माणूस पुढं येतो म्हणतात. आमच्याकडे आला नाही.

अहमदपूरच्या बसमध्ये रेणुका माझ्यापासून लांब, दुसऱ्या सीटवर बसली.

सोमवारी हेडसरांनी बोलावलं. नांदेडहून फोन आला होता. "उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! शाळेचं नाव घालवलंत. माफीनामा लिहा. खाली आपली आज्ञाधारक लिहून सही करा." कागद पुढं केला, पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. मी म्हटलं, "न्हाई लिहीत." त्यांनी मेमो दिला आणि मैदानाची किल्ली काढून घेतली. आता मैदानावर माझं काम फक्त झाडायचं.

आठ दिवस रेणुका दिसली नाही. वस्तीत बातमी होती की भोकरचे पाहुणे बोलणी करायला येणार. नवव्या दिवशी पहाटे ती दारात उभी. पायात तेच फाटके बूट.

"लातूरचं काय झालं?" तिनं विचारलं.

आम्ही मोंढ्यात गेलो. आडत दुकानांच्या मागं रिकामी जागा आहे, माल यायच्या आधी तिथं कुणी नसतं. मी घरून आणलेली फक्कीची पिशवी काढली. तिनं ती पिशवी माझ्या हातातून घेतली.

"रेघ मी मारीन. तुमच्या रेघंवर माझा भरवसा न्हाई."

एवढं लागलं नव्हतं मला काही. बादलीही नाही, हशाही नाही. मी टेपही तिच्या हातात दिला. दोन्ही टोकं. "हितून पुढं कुठल्याबी मैदानावर," मी म्हटलं, "आधी तू मोजायचं. मग पळायचं. मी सांगितलं तरी न मोजता पळायचं न्हाई. कुणी गप म्हणलं तर गप बसायचं न्हाई. मी म्हणले तरी."

ती वाकून मोजायला लागली. माझ्याकडे बघितलं नाही. अजूनही फारसं बघत नाही.

भोकरच्या पाहुण्यांसमोर मी जाऊन बसले. बापाला म्हटलं, लातूरची ट्रायल होईस्तोवर सुपारी फुटली तर मी मांडवात येऊन बोलेन, आणि मी कशी बोलते ते नांदेडला विचार. बाप चिडला, पण पाहुणे चहा पिऊन परत गेले.

काल लातूरच्या सरांना मेसेज लिहिला. विषय नाही, महोदय नाही. 'सर, ट्रायलला येतोय. पोरगी चारशे मीटर बासष्ट सेकंदांत पळते. टेप सोबत आणू. आधी लेन मोजू, मग पळेल. माप चुकीचं असेल तर पळणार नाही आणि का पळाली नाही ते तिथंच सांगू.'

खाली 'आपली' लिहिलं. फोननं लगेच पुढचा शब्द स्वतःहून दाखवला, आज्ञाधारक. इतक्या वेळा लिहिलाय की त्यालाही पाठ झालाय. मी 'आपली' पण खोडलं. रेणुकाचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. त्याखाली माझं, आडनावासकट. आणि पाठवलं.