माळवदावरून ऐकलेली गाणी

उत्तम गेल्याची बातमी मला जिनिंगच्या वजनकाट्यावर कळली. चारठाण्याला तो शिकवत होता त्या शाळेतले एक गुरुजी सकाळच्या एसटीनं सेलूला आले होते. कापसाची गाडी काट्यावर उभी होती. ते शेजारी येऊन हळूच म्हणाले, "तुमचे दोस्त गेले हो. काविळीनं धरलं अन् आठ दिवसांत खलास..." मी पावती पुरी केली, गाडी सोडली आणि मग खाली बसलो. आधी बसायला हवं होतं, पण आयुष्यभर मी हेच करत आलो. आधी घरचं, बाजारचं, लोकांचं, आणि मग उत्तमचं.

आम्ही अकरावीत असताना आमच्या घरी टीव्ही आला. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाणी लागायची आणि आमचं माजघर माणसांनी गच्च भरायचं. उत्तम रेल्वेलाइनीपलीकडच्या बौद्ध वस्तीतला, माझ्याच बाकावर बसणारा, गाण्यांसाठी जीव टाकणारा. पण विद्यापीठाच्या नामांतरावरून गावागावांत तेव्हा माणसं धुमसत होती, आणि आमचे वडील एका वाक्यात बोलून मोकळे झाले होते : "दोस्ती शाळेत ठेव, उंबऱ्याच्या आत नको." वडिलांपुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती. म्हणून मी अक्कल चालवली. गाण्यांच्या आधी माळवदावर जाऊन अँटेनाचा पाईप बांधलेली तार पक्कडीनं ढिली करून यायचो. वाऱ्यानं पाईप फिरला की पडद्यावर मुंग्याच मुंग्या. मग वडीलच वैतागून म्हणायचे, "त्या उत्तमला बोलाव, त्याच्याच हाताला बसतं ते." जिना बाहेरून होता, उंबरा ओलांडायचा प्रश्नच नव्हता. तो वर पाईप धरून ओरडायचा, "आलं का रे?" आणि आम्ही खालून, "आलं, आलं! तसाच धर, हालू नको!" गाणी संपेपर्यंत तो हलत नसे. मी सापही मारला होता आणि काठीही वाचवली होती. खरं सांगतो, मला त्या हुशारीचा अभिमान वाटायचा... असं चार वर्षं चाललं.

वडील दोन वर्षांपूर्वी वारले. यंदा जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं, तेव्हा उत्तम पेढे घेऊन आला आणि सवयीनं जिन्याकडेच वळला. मी म्हणालो, "इकडून ये की, आत." त्याच आठवड्यात केबलवर एक कार्यक्रम सुरू झाला होता. ऐंशीच्या दशकातली पन्नास गाणी, उलट्या क्रमानं, दर शनिवारी दहा. निवेदक सारखा म्हणायचा, "आठवतंय ना?" उत्तम चार शनिवार चारठाण्याहून आला. सगळी गाणी त्याला तोंडपाठ, कुठे बासरी, कुठे ढोलक, सगळं. पण पडद्याकडे तो नवख्यासारखा बघायचा. एका गाण्याला म्हणाला, "आरं, ही नावेत बसून गायलीय व्हय? मला वाटायचं डोंगरावर आसंल. वारं लय लागायचं ना वर." माझी बायको हसली. मला हसता येईना. निवेदक ज्याला आठवण म्हणत होता ते उत्तम पहिल्यांदा पाहत होता.

चौथ्या शनिवारी, चहा घेताना, तो सहज बोलल्यासारखा बोलला, "तार तूच ढिली करायचास. पयल्याच आठवड्याला कळलं हुतं मला. पक्कडीचे दात उमटले हुते तिच्यावर."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो आसतो तर बोलावणं बंद झालं आसतं." बशी खाली ठेवत तो म्हणाला, "म्या वाट बघायचो. एक ना एक दिवस तू तार घट्ट बांधशील, आन् म्हणशील, चल खाली..."

मी बशी उचलून आत नेली. त्याच्या डोळ्यांत तेव्हाच पिवळेपणा असणार, पण तो मला दिसला नाही. पुढच्या शनिवारी शेवटची दहा गाणी होती. तेव्हा माफी मागायची असं मी ठरवलं, वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली. तो शनिवार उजाडायच्या दोन दिवस आधी ते गुरुजी काट्यावर आले.

त्या शनिवारी मला टीव्हीसमोर बसवेना. संध्याकाळी माळवदावर गेलो. केबल आल्यापासून अँटेनाकडे कोणी पाहत नाही. पाईप गंजलाय, तार तशीच आहे. पाईप धरून उभा राहिलो. खालून गाणी स्पष्ट ऐकू येत होती, मधूनच माणसांचं हसणंही. ते हसणं उत्तमनं चार वर्षं ऐकलं होतं... एवढ्यात बायको अंगणात येऊन वर बघत ओरडली, "अवो, पयला नंबर लागायलाय! वर काय करायलाव एकटे? या खाली!"

दोनच शब्द. तिला ते म्हणायला काहीसुद्धा कष्ट पडले नाहीत.