नवा डॉस
ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडच्या एका मँगनीज खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायचो. खनिजाच्या नमुन्यांची गणितं करणारा प्रोग्राम तिथल्या म्हाताऱ्या केमिस्टकाकांनी स्वतः शिकून लिहिला होता. पुढे त्यांची नजर गेली, तरी ते रोज माझ्याशेजारी येऊन बसायचे.

नागपूरच्या इंजिनिअरने मशीनवर नवा डॉस, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, चढवला आणि काकांचा प्रोग्राम सुरूच होईना. पडद्यावर एकच ओळ यायची: इन्करेक्ट डॉस व्हर्जन, म्हणजे डॉसची आवृत्ती चुकीची. जुना डॉस परत टाकायला गेलो, तर त्याच्या फ्लॉपीला बुरशी लागलेली. प्रोग्रामची फाईल उघडली, तर नुसती मशीनला कळणारी वेडीवाकडी चिन्हं; काकांनी लिहिलेल्या मूळ ओळी कुठेच नव्हत्या.

“काहून चालू नाही होऊन राह्यला?” काकांनी विचारलं.

“नव्या डॉसवर तो चालतच नाही, काका.”

“मंग नवा लिहू. मी सांगतो, तू टाइप कर.”

चार ओळी सांगून ते अडखळले. बराच वेळ ओठ हलत राहिले.

“पुढचं आठवून नाही राह्यलं मले,” ते म्हणाले.

मी त्यांना घरी पोचवलं. त्यानंतर ते ऑफिसात आले नाहीत. आम्ही पुन्हा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, आणि तो प्रोग्राम कुणालाच आठवेनासा झाला.