न मरणारं झाड
टँकरच्या ओल्या रबरी पाइपचा वास आला की मला हडपसरचा तो उन्हाळा आठवतो. शेजारी आयटी पार्क उभं राहत होतं आणि आमच्या नव्या सोसायटीत पिण्याचं पाणीसुद्धा टँकरनेच यायचं. माझ्या माशांच्या टाकीत दगडाला बांधलेलं, जाड पानांचं एक झाड होतं. "याला विसरलात तरी जगेल," दुकानदार म्हणाला होता. ना ऊन, ना खत, तरी दोन वर्षांत त्याचं एकही पान गळलं नव्हतं. एकदा टाकीत टँकरचं ताजं पाणी घातलं आणि दुसऱ्या सकाळी पाहतो तर मासे उलटे तरंगत होते, झाडाची पानं विरघळून बोटाला चिकटत होती. घरातला नळ बंद करून मी खालच्या मजल्यावर चेअरमनना सांगायला गेलो. ते म्हणाले, "अहो, आम्ही उकळून पितो. माशांनाही उकळून द्यायचं होतं." आत त्यांची सून बाळाच्या दुधासाठी तेच पाणी गॅसवर ठेवत होती. मी पुन्हा सांगू लागलो, तर त्यांनी दार लावून घेतलं. इतक्या वर्षांनी त्यांचा चेहरा मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्याच दुपारी निपचित नातवाला छातीशी धरून रिक्षात चढताना त्यांनी मला विचारलं, "तुमचं झाड किती तासांत मेलं?"